दोन दीनारांत भागतं का?

पाहुण्यांना जेवायला थांबवायचं काम बायबलात बहुतेकदा पुरुष करतात. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दारात बसलेला असतो. तीन अनोळखी माणसं दिसतात. हा धावत जातो, भुईपर्यंत वाकतो, पाय धुवायला पाणी देऊ करतो, झाडाखाली बसवतो आणि म्हणतो की थोडीशी भाकर आणतो. थोडीशी! मग तंबूत शिरून सारेला सांगतो, चटकन तीन मापं सपीठ मळ. ही तीन मापं म्हणजे आपल्या हिशेबाने २० लिटरच्या पुढे जाणारं पीठ. पाहुणे तीन. सारेचं वय नव्वदीला टेकलेलं. वासरू रांधायला दिलं ते चाकराला. सगळं तयार झाल्यावर अब्राहामाने ते पाहुण्यांपुढे नेऊन ठेवलं आणि ते जेवत होते तोवर झाडाखाली उभा राहिला. आदरातिथ्याबद्दल नाव झालं ते त्याचं. सारेविषयी एवढीच नोंद आहे की ती तंबूच्या दाराआड हसली. या वयात मूल होणार हे ऐकून हसली, असं पाळकसाहेब सांगतात. मला वाटतं, परातीकडे बघून हसली असावी.

आमच्या मिस्टरांना हा अध्याय पाठ आहे. इब्री लोकांस पत्राचा तेरावाही पाठ आहे, कारण पाहुणचार करता करता काहींनी नकळत देवदूतांना जेवू घातलं, असा आधार तिथे सापडतो. मिस्टर नगरच्या एका मंडळीत पंच आहेत. नगर आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण भूक तीच आहे. रविवारची उपासना सुटली की आवारात चिंचेखाली ‘सलाम, सलाम’ सुरू होतं आणि मिस्टरांची नजर देवदूत शोधायला लागते. सेमिनरीतला वाळका विद्यार्थी दिसला, देवदूत. राहुरीहून मुलीच्या अॅडमिशनसाठी आलेलं जोडपं, तेही देवदूतच. विम्याचा एक एजंट बाप्तिस्म्याच्या कार्यक्रमात चुकून घुसला होता, तोसुद्धा आमच्या पाटावर बसून, दोनदा रस्सा घेऊन, आम्हाला पॉलिसी काढायला लावून गेला. त्याच्या खांद्यावर मी मुद्दाम नीट पाहिलं. पंख नव्हते. बॅग होती.

“अगं, असेल ते खातील,” असं मिस्टर दारातून ओरडून सांगतात. हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याने जन्मात परात धुतली नसणार. असेल ते म्हणजे काय? दोघांपुरत्या चार भाकऱ्या, सकाळची शेपूची भाजी आणि तळाला गेलेली शेंगदाण्याची चटणी. देवदूताला शेपू चालतो का, याबद्दल ते पत्र गप्प आहे.

आमच्या स्त्रियांच्या सभेत या विषयावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. तो कुठल्या भाष्यग्रंथात सापडणार नाही, कारण आमची सभा चालू असताना कुणी टिपणं घेत नाही, सगळ्यांच्या हातात लसूण असतो. शिमोन पेत्राच्या सासूचा चमत्कार घ्या. ती तापाने फणफणून पडली होती, प्रभूने हात धरून उठवलं, ताप गेला आणि ती उठून त्यांची सरबराई करू लागली. ताप खरोखर उतरला याचा हा पुरावा, असं प्रवचनात ऐकायला मिळतं. आमच्यातल्या एका मावशींचं मत वेगळं आहे. “जावई चार माणसं घेऊन दारात उभा,” त्या म्हणाल्या, “तापाची काय बिशाद राहायची?” त्यांच्या घरी जावयांचा राबता आहे, म्हणून या मताला मी वजन देते.

मग मार्था. ती स्वयंपाकघरात घामाघूम झाली आहे, बहीण मरीया प्रभूच्या पायाशी बसून वचन ऐकते आहे. मार्था तक्रार करते आणि तिलाच ऐकून घ्यावं लागतं की मरीयेने चांगला वाटा निवडला. यावर दरवर्षी एकदा प्रवचन होतं आणि प्रवचन झाल्यावर सगळे मार्थेच्या हातचं जेवायला जातात. पण योहानाचं शुभवर्तमान पुढे वाचत गेलं की बाराव्या अध्यायात, वल्हांडणाला सहा दिवस उरले असताना, बेथानीत पुन्हा पंगत बसलेली दिसते. तिथे वाढतंय कोण? मार्था. मागचं बोलणं तिने मनावर घेतलं नाही, की कुणाला घ्यायला लावायचंच नव्हतं, हे ज्याने त्याने ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

गंमत अशी, की लूकने ही मार्थेची हकिगत दहाव्या अध्यायात लगेच कुणाच्या मागे ठेवली आहे, तर चांगल्या शोमरोन्याच्या. दोघांच्या मध्ये एक ओळसुद्धा सोडलेली नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करायचं, हे मान्य असलेल्या एका शास्त्र्याने विचारलं की माझा शेजारी नेमका कोण? त्यावर प्रभूने गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा माणूस चोरांच्या हाती सापडतो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, यरीहो सपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली, मध्ये २७ किलोमीटरची ओसाड उतरण. चोरांनी मारून, कपडे काढून, अर्धमेला टाकला. याजक आला, बघून बाजूने गेला. लेवी आला, तोही गेला. मग आला शोमरोनी. यहुदी लोक ज्यांच्याशी रोटी-पाणी ठेवत नसत, त्यांतला. त्याने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं.

ही गोष्ट चालू असताना चर्चमध्ये मागच्या बाकावर बसावं. सगळ्यांच्या माना दिसतात. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक याजक असतो आणि तो नेमका दोन बाकं पुढे बसलेला असतो. स्वतःला लेवी समजून ऐकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शोमरोनी समजणारे मात्र एवढे आहेत, की सगळे एकदम निघाले तर यरीहोच्या वाटेवर कोंडी होईल.

आणि उतारशाळेच्या रक्षकाकडे बघायला कुणी राहतच नाही.

मी मात्र त्याच्याकडेच बघत बसते. रात्री उशिरा दार वाजलंय. दारात परजातीचा माणूस, गाढवावर रक्ताने माखलेला दुसरा. आत घेतलं. रात्रभर त्या शोमरोन्याने शुश्रूषा केली हे खरं, पण पाणी कुणी तापवलं? चादर कुणाची गेली? सकाळी शोमरोनी दोन दीनार काढून देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगतो की याची काळजी घ्या, वर काही लागलं तर परत येताना देईन. आमच्या नात्यात हेच बोलून गेलेली काही माणसं अजून परतीच्या वाटेवर आहेत. तो परत आला की नाही, हे लूकने लिहिलेलं नाही. रक्षकाने दार लावून घेताना बायकोला काय सांगितलं असेल, तेही नाही. पुढचे कितीतरी दिवस पेज, पट्ट्या, कुशी बदलणं, हे सगळं त्या दोन दीनारांत बसवायचं होतं.

शोमरोन्याला मी कमी लेखत नाही. उलट त्याची एक गोष्ट मला फार पटते, जी प्रवचनात येत नाही. तो दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला निघून गेला. धंदा बुडवला नाही, जखमीच्या उशाशी बसून रडला नाही, त्याच्याशी जन्माची मैत्री करायचा घाट घातला नाही. त्याला कळवळा आला असं लूक म्हणतो, आणि त्यानंतर नुसती क्रियापदं आहेत. गेला, ओतलं, बांधलं, बसवलं, नेलं, दिलं. तो जखमी त्याला आवडला का, हे कुणी विचारलेलंच नाही. शुद्धीवर आल्यावर तो माणूस महाकिरकिरा निघाला असेल. शोमरोन्याच्या हातचं तेल अंगाला लावू कसं दिलंत, म्हणून त्या रक्षकावरच तणतणला असेल. तेव्हा शोमरोनी यरीहोत कुठेतरी माल उतरवत होता. ऐकायला रक्षकच होता.

आमच्या मुलाने मला या गोष्टीवरचा एक प्रयोग वाचायला दिला. १९७३ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनच्या सेमिनरीतले ४० विद्यार्थी घेतले. प्रत्येकाला सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण दे. काहींना विषय दिला नोकरीच्या संधींचा आणि काहींना, ऐका, चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्ताचा. वाटेत बोळात एक माणूस दाराशी कोलमडून खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘लवकर जा, उशीर झालाय’ म्हणून पिटाळलं त्यांतले १० टक्के. भाषण कशावर द्यायचंय याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेल्या काहींनी तर त्या माणसाला चक्क ओलांडून पुढचा रस्ता धरला.

मिस्टरांना हे वाचून दाखवलं तर ते बराच वेळ अमेरिकेला नावं ठेवत होते. मला त्या मुलांची कीव आली. घाई वाईट, हे मोशेच्या दगडी पाट्यांवर कुठे कोरलंय? आणि माझा मुद्दा त्यातून पक्काच झाला. याजकाला घाई असू शकते, शोमरोन्यालाही असू शकते. उतारशाळेच्या रक्षकाला कितीही घाई असली तरी तो जाणार कुठे? त्याचं दार जागेवरच असतं. ते वाजतंच.

नगर जिल्ह्याला हे सांगायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक इथेच राहिले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माणूस हळवा, कवी, आणि खिशातला पैसा खिशात राहू न देण्याबद्दल प्रसिद्ध. कुणी गरजू दिसला की त्यांचं घर त्याला मोकळं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतलं मोठं आत्मचरित्र आहे, हे सगळे मानतात. माझ्या मते ते त्याखेरीज उतारशाळेच्या रक्षकाने लिहिलेलं पहिलं पुस्तकही आहे. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या तिथे वडिलांचं सोवळं असं, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. त्या बाईंनी पुढे जातपात मनातून उतरवली ती बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच, स्वतः विचार करून. बाप्तिस्मा १९०० साली. आणि मग कुणाकुणाची पोरं वाढवली, कुणाकुणाची आजारपणं काढली. टिळक माणसं आणायचे. दोन दीनार कुणी ठेवून जायचं नाही. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचंही तेच. आरंभ टिळकांनी केला, पुरं करायला लक्ष्मीबाई. बाईमाणूस महाकाव्यसुद्धा उष्टं ठेवू देत नाही.

पंडिता रमाबाईंची तऱ्हा निराळी. त्या शोमरोनीही होत्या आणि रक्षकही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली, विधवा गोळा केल्या आणि दौंडजवळ केडगावला आणल्या. १९००च्या सुमारास तिथल्या त्यांच्या मुक्तिसदनात जवळपास दोन हजार माणसं होती. दोन हजार! आमच्याकडे दोन माणसं वाढली तर मी कुकरकडे बघते. रमाबाईंनी कुकरकडे न बघता शेती केली, विहिरी काढल्या, माग बसवले, छापखाना घातला. तेलाचा घाणासुद्धा होता. शोमरोन्याने कुपीभर तेल बरोबर ठेवलं होतं. बाईंनी घाणाच लावला. वर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करून मग १९२२ साली डोळे मिटले. अशी माणसं बघितली की मला आधी हुरूप येतो आणि मग कंबर दुखायला लागते.

पण उतारशाळेतला जखमी एक ना एक दिवस बरा होऊन जातो. शेजारी जात नाही. सगळ्या मानवजातीवर प्रेम करायला मला कधीच अडचण आलेली नाही, कारण मानवजात आमच्या पाण्याच्या लाइनवर नाही. शेजारच्या काकू आहेत.

नगरला नळाला पाणी एक दिवसाआड. काकूंनी नळाला मोटार लावली आहे. त्यांची मोटार चालू झाली की आमचा नळ दम्याच्या पेशंटसारखा दोन उचक्या देतो आणि हवा सोडतो. याशिवाय काकूंना एक देणगी आहे. त्यांना सगळ्यात काय कमी आहे ते कळतं. दिवाळीला त्यांची चकली आमच्याकडे येते, नाताळला आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. ताट परत देताना काकू म्हणतात, “खुसखुशीत झाल्यात हो. मोहन अंमळ जास्त पडलं, पण चालतंय.” ते ‘चालतंय’ मला एपिफनीपर्यंत पुरतं.

हा विषय मी स्त्रियांच्या सभेत प्रार्थनेसाठी मांडला. आमच्याकडे कुणाबद्दल वाईट बोलायला परवानगी नाही, पण प्रार्थनेचा विषय म्हणून हवं ते सांगता येतं. डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून, “हे प्रभू, अमक्या बहिणीच्या मुलाने कर्ज काढून गाडी घेतली आहे, त्याला तू सुबुद्धी दे,” असं म्हटलं की आमेनच्या आधीच गाडीचा रंग सगळ्यांना कळलेला असतो. मी काकूंच्या मोटारीची हॉर्सपॉवर प्रभूला सांगितली. सगळ्या बायकांनी मनापासून आमेन म्हटलं, कारण अर्ध्या जणींच्या शेजारी तसलीच मोटार आहे. उरलेल्या जणी जरा हळू म्हणाल्या. मोटारी त्यांच्या आहेत.

मंडळीत भांडणं नसतात असं समजू नये. फिलिप्पैकरांस पत्रात पौलाने दोन बायकांना नावं घेऊन विनवलंय की बायांनो, एकमेकींशी जुळवून घ्या. युवदीया आणि सुंतुखे. कशावरून बिनसलं होतं, ते त्याने लिहिलेलं नाही. दोघी शुभवर्तमानाच्या कामात झटलेल्या, भल्या बायका. आमच्या मंडळीचं प्रेमभोजन जवळ आलं की मला कारण लख्ख दिसतं. मोठं पातेलं. कुणाचं न्यायचं, कुणी परत आणलं नाही, आणि मागच्या वेळी त्याला पोचा कुणाच्या घरी पडला. नाव प्रेमभोजन. मटणाचा रस्सा, भात, कांदा-लिंबू. वाढपी पुरुष आपल्या बायकोच्या ओळीत आला की पळी आपोआप तळाला जाते. हे सगळं माहीत असूनही एकदाही कुणी उपाशी परत गेलेलं नाही, भिकारीसुद्धा पंगतीत बसतात, आणि पातेल्यावरून अबोला धरलेल्या दोघी शेवटी एकाच पातेल्याला दोन बाजूंनी राख लावून घासताना दिसतात. न बोलता घासतात. लख्ख होतं.

तर शेजारच्या काकू मागच्या पावसात अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मुलगा पुण्यात, सून नोकरीला, आठवड्याने दोघं परतले. बाई ठेवली, पण ती वरकामाची. “जेवणाची काळजी करायची नाही,” असा शब्द त्या मुलाला कुणी दिला असेल हे सांगायला नको. अब्राहामाने तंबूत येऊन मला कळवलं.

मी हल्ली दोन दीनार आधी घेते. आमच्या घरात कायदाच केलाय. देवदूत आणा नाहीतर एजंट, ज्याने बोलावलं त्याने भाजी निवडायची, लसूण सोलायचा आणि परात घासायची. मिस्टरांनी थोडी कुरकुर केली, मार्था-मरीयेचा दाखला द्यायला तोंड उघडलं, पण माझ्या हातात लाटणं होतं. आता ते चष्मा लावून, शुभवर्तमान वाचावं तशा गांभीर्याने मेथी निवडतात.

डबा रोज जातो. काकू मला आवडायला लागल्या का? मुळीच नाही. त्यांनाही मी फारशी आवडत नसावे. पहिल्या दिवशी मीठ जास्त होतं. मग कमी झालं. डाळीला फोडणी आमच्यासारखी नको, हिंग घाला म्हणाल्या, घातला. मी त्यांची वेणी घालून देते तेव्हा दोघींची तोंडं एकाच दिशेला असतात, ते बरं पडतं. रागावलेलं असलं तरी वेणी नीट घालता येते, असं लक्षात आलंय. केस अजून दाट आहेत त्यांचे. ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

परवा डबा उघडून म्हणाल्या, “मेथीची देठं लागतात हो. कोण निवडतं?”

“आमचे मिस्टर.”

“तरीच. त्यांना म्हणावं, उद्या पाण्याचा दिवस आहे. मला काही उठवत नाही. पहाटे येऊन तेवढं मोटारीचं बटण दाबतील का?”

मी घरी येऊन निरोप दिला. द्यायला नको होता असं कुणी म्हणेल, पण निरोप तो निरोप. पहाटे पाचला उठून, कानटोपी घालून मिस्टर गेले. बऱ्याच वेळाने पलीकडे घर्र सुरू झालं. आमच्या नळाने उचकी दिली.

“अहो, आधी आपल्या दोन बादल्या तरी भरू द्यायच्या!”

“अगं, त्यांची टाकी बारकी आहे, पटकन भरेल.”

“तुम्हाला काय माहीत?”

“आत उतरून घासून आलो ना,” मिस्टर म्हणाले. “फार शेवाळ होतं. आणि ऐक, तिथे प्लंबर आला होता बिचारा, कालपासून काही खाल्लेलं नाही म्हणतो…”